डॉ. नेस्मिथ आणि पंचाचा निवाडा

बास्केटबॉलच्या सामन्याचे अखेरचे काही सेकंद उरलेले असतात. चेंडू सुटून जमिनीवर घरंगळतो, दोन्ही संघांचे खेळाडू त्यावर झेपावतात आणि त्या झोंबाझोंबीत एक जण टाइम-आउट मागतो. अमेरिकन नियमांनुसार मागणीच्या क्षणी चेंडू त्याच्या ताब्यात असेल, तर खेळ थांबतो व चेंडू त्याच्याच संघाकडे राहतो. प्रतिस्पर्ध्याचे हात त्याआधीच चेंडूवर घट्ट बसले असतील, तर मागणी व्यर्थ ठरते. आधी काय घडले, ताबा, झटापट की मागणी, हे पंचाने निमिषार्धात ठरवायचे असते. या अडचणीचे मूळ शोधू गेल्यास आपण थेट या खेळाच्या जनकापाशी, डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्यापाशी जाऊन पोचतो.

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात आल्मॉन्टनजीक झाला. नवव्या वर्षी विषमज्वराने आई व वडील दोघेही गेले आणि मुलगा मामाच्या घरी वाढला. शाळा अर्धवट सोडून त्यांनी लाकूडतोड्याचे काम केले. पुढे पुन्हा शाळेत बसून मॅकगिल विद्यापीठाची पदवी मिळविली, धर्मशास्त्राचाही अभ्यास पुरा केला. परंतु धर्मोपदेशकाच्या व्यासपीठापेक्षा व्यायामशाळा त्यांना अधिक जवळची वाटली व ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा तरुणांचा एक वर्ग कवायतीला कंटाळून गेला होता. दोन शिक्षकांनी त्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना नवा घरातील खेळ शोधण्यास चौदा दिवसांची मुदत दिली. सज्जाला दहा फुटांवर ठोकलेल्या पीचच्या दोन टोपल्या आणि सूचनाफलकावर लावलेले तेरा नियम, एवढ्या भांडवलावर डिसेंबरमध्ये पहिला सामना झाला. त्यात गोल झाला एकच.

त्या तेरा नियमांतील दहावा व अकरावा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. नेस्मिथ यांनी न्यायदानाचे काम दोघांत वाटून दिले. अंपायरने माणसांवर नजर ठेवायची, आगळिकी मोजायच्या. रेफरीने चेंडूवर नजर ठेवायची. चेंडू खेळात आहे की नाही, तो कोणत्या संघाचा, हे ठरवायचे आणि वेळही मोजायची. एका माणसाचे डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी नसतात, ही साधी गोष्ट त्यांनी जाणली होती. टाइम-आउटचा उल्लेख त्या नियमांत कोठेच नाही. पण पुढे तो आला, तेव्हा ताबा आणि घड्याळ ह्या रेफरीच्या दोन्ही कामांच्या नेमक्या सांध्यावर येऊन बसला.

नेस्मिथ १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठात गेले व तेथेच स्थिरावले. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या खात्यावर ५५ विजय व ६० पराभव आहेत. याची त्यांना खंत वाटल्याचे दिसत नाही. खेळ हा खेळाडूंचा, शिक्षकाने तो शिकवावा आणि बाजूला व्हावे, अशी त्यांची धारणा होती. खेळाचे पेटंटही त्यांनी घेतले नाही. (त्या तेरा नियमांचे दोन कागद २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला नमूद केल्यावाचून राहवत नाही.) १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपला खेळ पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, अमेरिकन महाविद्यालयीन प्रशिक्षकांना टाइम-आउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची मुभा मिळाली. तोवरचा श्वास घेण्याचा अवकाश आता डावपेचांचा दरबार झाला. पुढे प्रशिक्षकही बाकावरून टाइम-आउट मागू लागले, आणि चेंडूवर खिळलेल्या पंचाने पाठीमागची हाकही ऐकावी अशी अपेक्षा निर्माण झाली. नेस्मिथ यांनी केलेली श्रमविभागणी येथे मोडली.

खेळाडूच्या हातीही हा अधिकार निर्धोक नसतो. ५ एप्रिल १९९३ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मिशिगनचा संघ दोन गुणांनी मागे होता, अकरा सेकंद उरले होते. कोपऱ्यात कोंडल्या गेलेल्या क्रिस वेबरने टाइम-आउट मागितला. संघाजवळ एकही शिल्लक नव्हता. पंचाने मागणी मान्य करून दंड दिला आणि नॉर्थ कॅरोलिनाने सामना ७७-७१ असा जिंकला. क्षणापूर्वी वेबरची पावलांची चूक मात्र पंचाच्या नजरेतून निसटली होती.

आंतरराष्ट्रीय संघटनेने वेगळी वाट धरली. तेथे प्रशिक्षक किंवा त्याचा पहिला सहायक गुणलेखकाच्या टेबलाकडे मागणी नोंदवतो, व खेळ थांबला किंवा प्रतिस्पर्ध्याने गोल केला म्हणजेच ती मान्य होते. चेंडू कोणाचा, या वादाशी तिचा संबंधच उरत नाही. पंच निर्वेधपणे खेळ पाहू शकतो. या बाबतीत ही पद्धत नेस्मिथ यांच्या अकराव्या नियमाशी अधिक इमान राखते, असे मला वाटते. परंतु तिची किंमत खेळाडूने मोजली आहे: मैदानावर घाम गाळणाऱ्याला खेळ थांबविण्याचा शब्दच नाही, तो सर्वस्वी बाकावर बसणाऱ्याचा. नेस्मिथ यांना हे रुचले नसते. अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळाने २०१५ मध्ये नेमके उलट केले. खेळ चालू असताना टाइम-आउट मागण्याचा प्रशिक्षकाचा अधिकार काढून घेतला आणि तो खेळाडूंपुरता राखला.