लांजव्हँ आणि तो ‘पिंग’ आवाज

युद्धपटात पाणबुडी आली की ‘पिंग’ आवाज येतोच. तो सोनारचा. या तंत्राचा पाया घातला पॅरिसच्या पॉल लांजव्हँ यांनी.

जन्म १८७२चा. भौतिकशास्त्र शिकले थेट पिअर क्युरींच्या हाताखाली. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा लांजव्हँनी हाच गुण उलटा वापरला. स्फटिकाला वीज देऊन पाण्यात आवाज सोडायचा नि प्रतिध्वनी टिपायचा. १९१८ मध्ये पाणबुडीचा प्रतिध्वनी मिळाला. पण प्रयोगात झोतासमोर आलेले मासे मरतात, हेही त्यांना दिसलं.

माणूस निडर होता बरं का! फॅसिझमविरोधी म्हणून १९४० मध्ये नाझींनी त्यांना पकडलं. जावयाला गोळ्या घातल्या, मुलीला ऑशविट्झला पाठवलं. तरी ते वाकले नाहीत. १९४६ मध्ये गेले.

सोनार मात्र वाढतच गेला. मार्च २००० मध्ये बहामाजजवळ अमेरिकी नौदलाच्या सरावावेळी १६ देवमासे किनाऱ्याला लागले. काहींच्या कानांत रक्तस्राव आढळला. आता तुम्हीच विचार करा, खोल अंधारात जो कानांनीच भक्ष्य शोधतो, त्याचे कान गेले तर उरलं काय?

उपाय आहे. स्पेनने २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती नौदलाच्या सोनारवर बंदी घातली. त्यानंतरच्या वर्षांत तिथे देवमासे असे एकगठ्ठा किनाऱ्याला लागणं थांबलं.