योहान 4 आणि पंडिता रमाबाई

आजचं वाचन: योहान 4:1-42



ऐन दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री आपल्याला माहीत आहे. आज मात्र तिच्याऐवजी हा अध्याय ऐकून जिचं आयुष्य वळलं त्या बाईबद्दल लिहितो. पोफळीला शाळेत असताना पंडिता रमाबाई म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद, एवढंच मला ठाऊक होतं. या अध्यायाशी त्यांचा संबंध आहे हे फार उशिरा कळलं.

1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हटलं. भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षांत नवराही गेला. हाताशी लहानगी मनोरमा.

1883 मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या होत्या. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं. समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना तिथे घर मिळत होतं, आणि त्यातल्याच काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंना हे नवीनच होतं. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीनं योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

म्हणजे बघा, आधी काम दिसलं, वचन नंतर आलं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला. पण चर्चच्या वरिष्ठांचं सगळंच त्यांनी मुकाट्यानं ऐकलं नाही. त्यांचे पत्रव्यवहारातले वाद प्रसिद्ध आहेत. आणि ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त आपल्याला अजून भेटला नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. मंडळीत वर्षानुवर्षं बसून हे मान्य करायला धैर्य लागतं. माझ्यात ते अजून नाही.

1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुली ख्रिस्ती होतील या भीतीनं 1893 मध्ये गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुली घरी नेल्या गेल्या. बाईंना मात्र दुष्काळ म्हणजे काय ते अंगावर काढून माहीत होतं. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर. तेच मुक्ती मिशन. तिथे प्रार्थनेबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखाना होता. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींसाठी ब्रेल आणली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. फुलहॅमला पाहिलेलं घर आता केडगावात उभं होतं.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. तरी बाईंनी भाषांतर सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी देह ठेवला. केडगावचं काम आजही चालू आहे.

उद्याचं वाचन: योहान 4:43-54