वाचणाऱ्या माणसाचे डोळे

शिरगावातून रिक्षा पकडून तुम्ही बदलापूर स्टेशन गाठता, लोकलमध्ये कसंबसं उभं राहता आणि मोबाइल डोळ्यांसमोर धरता. आपलं गाव इतिहासाच्या पुस्तकात कुठे असेल, असं त्या गर्दीत कुणाच्या डोक्यात येणार? पण आहे. ३ मे १९२७ रोजी बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. बाबासाहेब तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

त्यांची चळवळ, त्यांचा कायदा, त्यांचं धर्मांतर हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. आज त्यांच्या आयुष्यातल्या एका वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलू. त्यांच्या डोळ्यांबद्दल.

कारण हा माणूस मुळात वाचणारा. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि कोलंबिया विद्यापीठात अक्षरशः मिळेल तो विषय शिकला. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी दार उघडताना आत शिरायचं आणि बंद होताना बाहेर पडायचं, असा दिवस. पोटाला मात्र फारसं काही नाही. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं, ‘राजगृह’, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपण सेमिस्टरच्या आदल्या रात्री वाचतो, ते रोज तसं वाचायचे.

मग मधुमेह आला. नेमका सगळ्यात वाईट वेळी. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाची मसुदा समिती नेमली गेली, ते तिचे अध्यक्ष झाले. कायदामंत्री तर होतेच. १९४८ च्या सुरुवातीला पायांच्या दुखण्याने त्यांची झोप उडाली होती. मध्यरात्री कळा सुरू व्हायच्या त्या सकाळपर्यंत. इन्सुलिन चालू होतं. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे ते उपचार घेत, मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचं लग्न झालं आणि त्या डॉ. सविता आंबेडकर झाल्या. घरातच डॉक्टर, त्यामुळे पथ्य आणि इंजेक्शनं यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. अशा अवस्थेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी मसुदा संविधान सभेपुढे मांडला आणि पुढचं वर्षभर एकेका कलमावर उभं राहून उत्तरं दिली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप आला तर आपण काय करतो ते आठवा. असो.

आता पायांच्या कळांचा डोळ्यांशी काय संबंध? संबंध रक्तवाहिन्यांचा आहे, तोही सगळ्यात बारीक, केसाहून बारीक वाहिन्यांचा. मधुमेह जुना झाला की तो त्यांना धरतो. पायाच्या मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या, मूत्रपिंडातल्या आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या.

डोळ्याचं बघू. मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, कॅमेऱ्याच्या सेन्सरसारखं काम करतो आणि त्यासाठी त्याला सतत ऑक्सिजन लागतो. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की तिथल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंत कमकुवत होते, जागोजागी तिला बारीक फुगे येतात. आपल्याकडे जुन्या पाइपलाइनचं जे होतं तेच. मग गळती सुरू होते. रक्तातलं पाणी आणि चरबी पडद्यात झिरपते. ओल लागलेली भिंत फुगते तसा पडदा फुगतो. ही सूज पडद्याच्या मधोमध आली तर घात होतो, कारण आपण वाचतो ते त्या मधल्या ठिपक्याने. आजूबाजूची खोली दिसते आणि समोरचा शब्दच पुसट होतो.

दुसरीकडे काही वाहिन्या गळत नाहीत, बंदच पडतात. पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो आणि रक्तासाठी ओरडतो. हे ओरडणं रासायनिक असतं, व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचं. ते ऐकून शरीर घाईघाईत नव्या वाहिन्या टाकतं. पाणी येत नाही म्हणून कुणी रातोरात अनधिकृत नळजोडणी करावी, तशा. त्या इतक्या नाजूक असतात की कधीही फुटतात. डोळ्याच्या आत रक्त सांडतं, नजरेसमोर काळे ठिपके किंवा जाळं तरंगतं. पुढे तिथे व्रण धरून तो आक्रसला तर पडदाच जागेवरून ओढला जातो.

यातलं सगळ्यात फसवं काय, तर बराच काळ काहीच दुखत नाही. दिसतंही नीट.

एक सांगून ठेवते. बाबासाहेबांच्या डोळ्यांचं निदान मी इथे बसून करणार नाही, ते कुणी करूही नये. मधुमेहात मोतीबिंदूही लवकर येतो, साखर वरखाली झाली की चष्म्याचा नंबरही हलतो. पण घटना समोर आहेत. मधुमेह होता, मज्जातंतूंच्या वेदना होत्या आणि नजर अधू होत गेली.

१० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपल्या तब्येतीची काळजी वाटत असल्याचं कळवलं, आणि अंथरुणाला खिळण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावं असा आग्रह धरला. बिल लागलं नाही. सप्टेंबरअखेर त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले आणि त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर अंथरुणावर होते. औषधांचे दुष्परिणाम आणि मंदावलेली नजर, दोन्ही होतं. तरी डिसेंबरमध्ये रंगूनला बौद्ध परिषदेला गेले. परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली.

तेव्हाच्या डॉक्टरांचे हात किती बांधलेले होते, हेही बघायला हवं. डोळ्यात डोकावायचं यंत्र हेल्महोल्ट्झने १८५१ मध्येच बनवलं होतं, त्यामुळे पडद्यावरचे डाग दिसायचे. पण दिसून पुढे काय? साखर मोजायची ती बहुतेक लघवी तपासून. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी दवाखान्यांत यायला अजून बरीच वर्षं होती, घरातला ग्लुकोमीटर नव्हता. मधुमेही डोळ्यांवर लेझरचा उपयोग होतो हे मोठ्या अभ्यासातून सिद्ध झालं १९७० च्या दशकात. साखर काटेकोर ठेवली तर डोळे वाचतात याचा पक्का पुरावा आला १९९३ मध्ये. व्हीईजीएफला अडवणारी, थेट डोळ्यात द्यायची इंजेक्शनं तर या शतकातली.

म्हणजे बाबासाहेबांना जे मिळू शकत नव्हतं, ते आज तुमच्या आईबाबांना मिळू शकतं. फक्त वेळेत जायला हवं, कारण लेझर मुख्यतः उरलेली नजर वाचवतो, गेलेली सहसा परत देत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि मग पडदा बघतात. टाइप टू मधुमेह कळला की लगेच, टाइप वन असेल तर पाच वर्षांच्या आत, आणि नंतर साधारण दरवर्षी. थेंबांनंतर काही तास जवळचं पुसट दिसतं, उजेड खुपतो. तेव्हा पप्पांना बाइकवर एकटं पाठवू नका, सोबत जा.

बाबासाहेबांचं शेवटचं मोठं पुस्तक बुद्धावरचं. त्याला पाच वर्षं लागली. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या ढासळत्या तब्येतीबद्दल लिहिलं, आणि आपण तगलो त्याचं श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या परिषदेत भाषण झालं. तोवर आधाराशिवाय चालणं कठीण झालं होतं.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या घरी, त्यांनी सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून त्या प्रस्तावनेची टाइप केलेली पानं मागवून घेतली. पुन्हा एकदा नजरेखालून घालायची होती. ६ डिसेंबरच्या सकाळी ते झोपेतच गेल्याचं घरच्यांना कळलं. पुस्तक १९५७ मध्ये छापून आलं.