दूध, नीरा आणि चार अंश

मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी घेतलेले दूध तापवायला जरा उशीर झाला की नासते, रात्री ओट्यावर राहिलेली भाजी सकाळी आंबट वास देते. फ्रिज आता अनेक घरांत आहे, पण त्याचे बटण दुकानदाराने ज्या आकड्यावर लावून दिले त्याच आकड्यावर वर्षानुवर्षे राहते. अन्न नासते म्हणजे नेमके काय होते आणि ते कशाने लांबते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दूध, डाळी, बटाटा, नीरा अशा रोजच्या पदार्थांमधले रसायन उलगडण्यात एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीने सारे आयुष्य घालवले. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई पूर्वाश्रमीच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले होते. थोरली बहीण दुर्गा भागवत पुढे मराठीतल्या नामवंत लेखिका झाल्या. कमलाबाईंनी वडील आणि काकांची वाट धरली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी त्यांनी पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि त्याच टाटा संस्थेकडे प्रवेशाचा अर्ज पाठवला.

संस्थेचे संचालक तेव्हा नोबेल विजेते सी. व्ही. रामन होते. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत काही कमी नव्हते, अर्जदार मुलगी होती एवढेच कारण. कमलाबाई बंगळुरूला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारत सत्याग्रहाच्या मार्गाने तिथेच ठाण मांडून राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे, काम पसंत पडले तरच ते ग्राह्य धरायचे आणि त्यांच्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून त्यांनी वर्षभर काम केले. वर्षाच्या शेवटी रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

बंगळुरूला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांचे प्रथिन वरणातून आणि दुधातून येते, तिथे हा विषय थेट पोटाशी जोडलेला होता. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली.

दूध नासण्याचे गूढही प्रथिनांशीच जोडलेले आहे. दुधातले जिवाणू त्यातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल एका मर्यादेपलीकडे गेले की केसीन नावाचे प्रथिन एकत्र येऊन गोळे बनते. वरून ठीक दिसणारे दूध तापवताच फाटते, त्याचे कारण हेच. आम्ल आधीच वाढलेले असते, उष्णता फक्त ते उघडे पाडते. दूध उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींची बीजे उकळीतूनही वाचतात. दूध कोमट राहिले की ती पुन्हा वाढीला लागतात.

एम.एस्सी.नंतर कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळवलेले फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. तिथे बटाट्याच्या पेशींवर काम करताना त्यांना दिसले, की प्राण्यांच्या पेशींत आढळणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते आणि त्यांच्या श्वसनात भाग घेते. अवघ्या ४० पानांचा प्रबंध लिहून त्यांनी १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते.

तोडलेली भाजी आणि खणून काढलेला बटाटासुद्धा श्वास घेत असतो, ही गोष्ट स्वयंपाकघरात फार उपयोगाची आहे. श्वसन घडवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, उष्णतेत भराभर काम करतात आणि भाजी लवकर कोमेजते. तापमान १० अंशांनी उतरले की अशा अनेक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. मेथी, कोथिंबीर फ्रिजमध्ये टिकते ती यामुळे. बटाट्याला मात्र फार थंडी मानवत नाही. त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, चव गोडसर होते आणि तळल्यावर काचऱ्या काळपट पडतात. केळ्याची सालही थंडीने काळवंडते. म्हणून या दोन्हींची जागा फ्रिजबाहेर, हवेशीर सावलीत.

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवले, विद्यार्थी घडवले आणि डाळी, भाताच्या पिठासारख्या गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. संचालकपदावरचा त्यांचा हक्क काही वर्षे डावलला गेला. पुढे त्या संचालक झाल्याच.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड-माडाच्या झाडांतून रात्रभर थेंब थेंब झिरपणारा हा गोड रस. त्यात लोह आणि जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात असतात आणि आदिवासी भागांतल्या कुपोषित मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्याचा फायदा होतो, असे या संशोधनातून पुढे आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण नीरा हा अतिशय नाजूक पदार्थ. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट तिच्यातल्या साखरेवर लगेच तुटून पडते. उन्हे वर आली की तिची ताडी होऊ लागते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, पहाटेच रस उतरवतात आणि तो थंड ठेवूनच विकतात. पौष्टिक अन्न आणि नशेचे पेय यांच्यात फरक फक्त काही तासांचा आणि काही अंशांचा.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला आणि दूध फाटू नये यासाठी पद्धत बसवून दिली. गोठ्यापासून ग्राहकापर्यंत दुधाला कित्येक तास प्रवास करावा लागतो. वाटेत एक टप्पा जरी गरम राहिला, तरी पुढची थंडी झालेले नुकसान भरून काढत नाही. घरालाही हेच लागू आहे. तासभर उन्हात राहिलेली दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवल्याने ताजी होत नाही.

उतारवयात कमलाबाईंनी हे ज्ञान घराघरांत नेले. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्यांनी काम केले, भेसळीविरुद्ध लेख लिहिले आणि ८०च्या दशकात संस्थेचे अध्यक्षपदही सांभाळले. दिल्लीत झालेल्या एका सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.

त्यांनी अभ्यासलेल्या पदार्थांचा धडा घरच्या फ्रिजलाही लावता येतो. थंडी जिवाणूंना मारत नाही, फक्त त्यांचा वेग कमी करते. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते जोमाने वाढतात. म्हणून फ्रिजच्या आतले तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे आणि फ्रीझरचे उणे १८. बटणावरचे १ ते ५ किंवा ७ हे आकडे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा, तितकी थंडी जास्त. खात्री करायची तर मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी वाचावा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, इतके कमी तापमान तो दाखवत नाही.

जालन्याच्या उन्हाळ्यात हिवाळ्याचा आकडा पुरेलच असे नाही, एप्रिल लागताच तपासणी करावी. सर्वात जास्त गरम दाराचा कप्पा असतो, म्हणून दूध आतल्या फळीवर ठेवावे. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. भांडे मोठे असेल तर पसरट ताटल्यांत काढून लवकर निववावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली असेल, तर दूध, शिजलेली भाजी आणि मांस टाकून द्यावे. वास ठीक आहे म्हणून ते मुलांच्या ताटात वाढू नये, कारण आजारी पाडणारे अनेक जिवाणू वासही बदलत नाहीत आणि चवही.