रेव्हरंड टिळक : ग्रंथवाचनापासून भजनापर्यंत

धर्मग्रंथाचा अर्थ लावणे हे पंडितांचे काम आणि उपासना हा सामान्य भाविकाचा विषय, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्राने मात्र ही विभागणी कधीच मनापासून मानली नाही. गीतेचा अर्थ मराठी माणसाला ओवीतून उमगला आणि तो टाळमृदंगाच्या साथीने घरोघरी पोहोचला. बायबलच्या बाबतीत याच मार्गाने जाण्याचा मोठा प्रयत्न आधुनिक काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी केला. फुलामुलांचे कवी म्हणून शालेय पुस्तकांतून परिचित असलेल्या टिळकांची ही बाजू ख्रिस्ती समाजाबाहेर फारशी विचारात घेतली जात नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काव्य आणि वक्तृत्व यांत त्यांचा हातखंडा होता, परंतु एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांनी केले आणि ‘ऋषी’ हे धर्मविषयक मासिकही चालविले. जातिभेदाने दुभंगलेल्या देशाला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना त्या दिवसांत अस्वस्थ करीत होता.

या प्रश्नाला अनपेक्षित वळण मिळाले ते १८९३ च्या सुमारास, नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत. कुडव्यापासून जवळच असलेल्या गोंदियावरून हाच लोहमार्ग आजही पूर्वेकडे जातो. त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्यशास्त्रावर गप्पा मारल्या आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती केवळ दिलेला शब्द पाळण्यासाठी उघडली. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत आलेल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, प्रार्थनेचा देखावा करू नये, देव हा सर्वांचा पिता आहे, ही शिकवण त्यांनी मतप्रणालीची कलमे म्हणून वाचली नाही. ती बोलणाऱ्याच्या व्यक्तित्वाने ते ओढले गेले. ख्रिस्ताविषयीचा सिद्धांत मागाहून आला, ओढ आधी लागली. त्यांच्या पुढील सर्व बायबलचिंतनाचे बीज या क्रमात आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिकच, त्यांच्या पत्नीने मोजली. १८८० मध्ये बालवयात विवाह झालेल्या लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी जातीची बंधने सोडली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ने हा सारा काळ मराठी वाङ्मयात अमर केला आहे. एका माणसाला सापडलेल्या अर्थाने दुसऱ्याचा संसार कसा हादरतो, हे विसरून टिळकांचे चरित्र सांगणे हा अन्याय ठरेल.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेथील उपासनेत भाषांतरित गीते परक्या चालींवर गायिली जात. शब्द मराठी, पण वळण परके, अशी त्यांची अवस्था होती. देशी वळणाचा प्रयत्न टिळकांपूर्वी झालाच नव्हता असे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोमंतकात ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले होते, आणि नगरमध्येच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती पदे व कीर्तने रचली होती. टिळकांनी या प्रवाहाला प्रतिभेचे बळ दिले. अभंग, पद, कीर्तन या रूपांतून त्यांनी शेकडो रचना केल्या.

हा केवळ चालींचा बदल नव्हता. रूप बदलले की अर्थाच्या छटाही बदलतात. राजा आणि न्यायाधीश या रूपात पुढे येणारा ख्रिस्त टिळकांच्या पदांत माउली झाला, सद्गुरू झाला. ही मूळ ग्रंथाशी केलेली मनमानी नव्हे. आई जशी मुलाला धीर देते तसा देव धीर देतो, ही उपमा यशयाच्या ग्रंथात आहे. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताच्याच तोंडी आहे. ग्रंथातील हा वत्सल सूर वारकरी संस्कारांत वाढलेल्या कानाला चटकन ऐकू आला, इतकेच. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानीत, ते याच अर्थाने. शिवाय अक्षरओळख नसलेल्या खेडुताला छापील भाष्याचा उपयोग नव्हता. भजन मात्र त्याच्या तोंडी राहत असे.

या मार्गावर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. भक्तीच्या भाषेत पाप, प्रायश्चित्त आणि क्रूस यांविषयीचा काटेकोर विचार विरघळून जाईल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. उलट, मराठी संतांचे शब्द उचलून धर्मांतराला देशी पेहराव चढविला, असे म्हणणारेही होते. परंतु टिळकांनी स्वतःच्या आयुष्यावर ज्या कसोट्या लावून घेतल्या, त्या पाहता हा पेहराव होता असे म्हणणे कठीण आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. शुभवर्तमानातील देवाच्या राज्याचा त्यांनी लावलेला हा अर्थ होता, आणि तो कागदावर नव्हे, तर व्यवहारात लावलेला होता.

दरबाराचा पाया पक्का होण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्यही अपुरेच राहिले होते. सुरुवातीच्या अध्यायांपुढचे बहुतेक काम लक्ष्मीबाईंनी केले आणि १९३८ मध्ये ७६ अध्यायांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पतीच्या धर्मांतराने जिचे जग उद्ध्वस्त झाले होते, तिनेच त्याच्या ख्रिस्तकथेचा धागा पुढे नेला. टिळकांच्या बायबलवाचनाला यापेक्षा मोठी साक्ष कोणती?

संस्था मोडली, पण गीते राहिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या आजही गायिल्या जातात. परक्या भाषेतून आलेला ग्रंथ भाषांतराने वाचता येतो. पण त्याचा अर्थ एखाद्या समाजाचा होतो, तो त्या समाजाला स्वतःच्या स्वरात त्याची प्रार्थना करता येऊ लागल्यावरच. टिळकांच्या जीवनाने हे दाखवून दिले.