एझ्रा मीकर

एझ्रा मीकर यांचा जन्म इ. स. १८३० मध्यें अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत झाला. शाळेचा लाभ त्यांना फारच थोडा झाला. लग्नाला वर्ष होतें न होतें तोंच, १८५२ च्या एप्रिलमध्यें, पत्नी एलायझा जेन व कांहीं आठवड्यांचें तान्हें मूल यांस घेऊन ते आयोवांतून ओरेगॉनकडे निघाले.

वाट सुमारें २,००० मैलांची. कापडी छपराची बैलगाडी पीठमीठ व खारविलेलें मांस यांनींच भरून जाई. म्हणून धडधाकट माणसें बैलांच्या बाजूनें पायींच चालत. त्या वर्षीं प्लॅट नदीच्या कांठीं पटकीची सांथ होती. सकाळीं चालणारा मनुष्य सायंकाळीं वाटेच्या कडेला पुरला जाई, आणि तांडा थांबत नसे. हिमवर्षावापूर्वीं पर्वत ओलांडले नाहींत तर सर्वांचाच नाश! बैल थकले कीं चुली, पेट्या रस्त्यावर टाकून द्याव्या लागत. १ ऑक्टोबरला कुटुंब पोर्टलंडला पोंचलें. मूल सुखरूप होतें.

पुढें ते आजच्या वॉशिंग्टन संस्थानांत स्थायिक झाले. तेथील भूमि कांहीं ओसाड नव्हती. तिचे मूळचे रहिवासी होते, हें सांगितल्यावांचून ही कथा पुरी होत नाहीं. निस्क्वाली जमातीचे नायक लेशाय यांजवर युद्धकाळांतील एका शिपायाच्या खुनाचा आरोप आला. १८५६ च्या पहिल्या खटल्यांत मीकर पंच होते. वसाहतींत रोष असतांहि त्यांनीं व आणखी एका पंचानें लेशाय यांस दोषी ठरविण्यास नकार दिला. दुसऱ्या खटल्यानंतर १८५८ मध्यें लेशाय यांना फांशी झाली. त्यांस दोषमुक्त ठरविणारी न्यायाधीशांची सभा भरली ती २००४ मध्यें.

हॉपच्या वेलांच्या लागवडींत मीकर यांनीं मोठी संपत्ति मिळविली, आणि मावा पडल्यावर ती गमाविलीहि.

इकडे जुनी वाट नांगराखालीं जात होती; वाटेवरचीं थडगीं कोणाचीं, हें सांगणारा उरला नव्हता. १९०६ च्या जानेवारींत, ७५ वर्षांचे मीकर ट्विस्ट व डेव्ह हे बैल जोडून त्याच वाटेनें उलट, पूर्वेकडे निघाले. मित्रांना हें वेड वाटलें. गांवोगांवीं व्याख्यानें देऊन व वर्गणी जमवून त्यांनीं स्मारकशिला उभ्या करविल्या. नेब्रास्कांत ट्विस्ट मेला. नवा बैल घेऊन ते पुढें चालले. १९०७ च्या नोव्हेंबरांत राजधानींत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं बाहेर येऊन ती गाडी पाहिली.

१९१६ मध्यें मोटारीनें, आणि १९२४ मध्यें, वयाच्या ९३ व्या वर्षीं, विमानानें त्यांनीं पुन्हा प्रवास केला. १९२८ मध्यें आणखी एका मोटारप्रवासाची तयारी चालू असतां ते डेट्रॉइट येथें आजारी पडले, आणि ३ डिसेंबरला सिॲटल येथें वारले. ९८ वा वाढदिवस २६ दिवसांवर होता.