संत चार्ल्स बोरोमिओ : साथीत मागे राहिलेला मेंढपाळ



४ नोव्हेंबर हा संत चार्ल्स बोरोमिओ ह्यांचा सण. २०२० साली आपली देवळे बंद झाली, आपण घरात बसून टीव्हीवर मिस्सा पाहिली आणि जवळच्या माणसांच्या अंत्यविधीलाही जाऊ शकलो नाही. त्या दिवसांतून गेल्यावर ह्या संताचे जीवन अधिक जवळचे वाटते.

चार्ल्स ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजी उत्तर इटलीतील आरोना येथे एका सरदार घराण्यात झाला. त्यांचे मामा १५५९ च्या नाताळात पोप झाले (चौथे पायस) आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भाचा कार्डिनल झाला. सुरुवात अशी वशिल्याची! पण १५६२ मध्ये थोरला भाऊ अचानक वारला आणि चार्ल्स अंतर्मुख झाले. घराण्याचा वारस म्हणून लग्न करण्याऐवजी त्यांनी १५६३ साली गुरुदीक्षा घेतली. ट्रेंटची धर्मपरिषद पूर्णत्वास नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १५६५ मध्ये ते आपल्या मिलान धर्मप्रांतात राहायला आले आणि गावोगावी फिरून त्यांनी सुधारणा सुरू केल्या.

ऑगस्ट १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग शिरला. गव्हर्नर निघून गेले, श्रीमंतांनी गाड्या जुंपल्या. चार्ल्स त्या वेळी बाहेरगावी होते. बातमी कळताच ते शहरात परतले. धर्मप्रांताला तुमची गरज आहे, सुरक्षित जागी राहून कारभार पाहा, असे सल्लागारांनी सुचवले. जीव धोक्यात घालणे हे पुण्याचे आहे, पण बंधनकारक नाही, असे त्यांचे म्हणणे. चार्ल्स ह्यांना ते पटले नाही. इतरांच्या बाबतीत जे अधिक चांगले, ते मेंढपाळाच्या बाबतीत कर्तव्यच ठरते, असा त्यांचा विचार होता. त्यांनी मृत्युपत्र करून आपली मालमत्ता मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या नावे केली आणि कामाला लागले.

शहराच्या तटाबाहेर साथीच्या रोग्यांसाठी ‘लाझारेत्तो’ नावाचे रुग्णालय होते. मोठ्या चौकोनी पटांगणाभोवती २८८ खोल्या आणि भोवती पाण्याचा चर. ते लवकरच भरले. वेशीबाहेर झोपड्या उभाराव्या लागल्या. आत अन्न कमी, सेवा करायला माणसे कमी. चार्ल्स ह्यांनी धर्मगुरूंना आणि कपुचिन बंधूंना बोलावले. पावलो बेल्लिंतानी ह्या कपुचिन बंधूने लाझारेत्तोचा कारभार हाती घेतला आणि कडक शिस्त लावली. चार्ल्स स्वतः रोग्यांकडे जात, त्यांना संस्कार देत. थंडी आली तेव्हा त्यांनी वाड्यातील पडदे व भरजरी कापड उतरवून गरिबांसाठी कपडे शिवून घेतले.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी पश्चात्तापाच्या मिरवणुका काढल्या. गळ्यात दोरखंड घालून ते अनवाणी चालले. गर्दीने रोग पसरेल, ही अधिकाऱ्यांची भीती होती. प्लेगचा जंतू १८९४ साली सापडला, उंदरांवरच्या पिसवांचा संबंध त्यानंतर कळला. त्यामुळे तेव्हा कोणालाच खरे कारण ठाऊक नव्हते. तरी अधिकाऱ्यांची भीती चुकीची होती असे आज आपण म्हणणार नाही. संतांचा प्रत्येक निर्णय बिनचूक असतो, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही.

महिनाअखेर सर्वांनी घरात राहावे असा हुकूम निघाला. आता पाहा, चार्ल्स ह्यांनी काय केले. लोक देवळात येऊ शकत नाहीत, तर देऊळ लोकांकडे गेले! चौकाचौकांत वेद्या उभारल्या गेल्या आणि लोकांनी खिडकीतून मिस्सा ऐकली. दिवसरात्रीतून सात वेळा घंटा वाजे, की दारा-खिडक्यांतून सारी गल्ली एकत्र प्रार्थना म्हणे. साथ सरल्यावर त्या चौकांत क्रूस उभे राहिले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वांद्र्याच्या गल्ल्यांतून उभारलेले क्रूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ही दोन्ही शहरे एकाच वेदनेतून गेली.

मिलानमध्ये सुमारे १७ हजार माणसे दगावली. सेवा करणारे धर्मगुरूही गेले. जानेवारी १५७८ मध्ये शहर रोगमुक्त जाहीर झाले. चार्ल्स वाचले, पण कष्टांनी झिजलेले ते शरीर ३ नोव्हेंबर १५८४ रोजी थांबले. वय अवघे ४६. १६१० मध्ये ते संत घोषित झाले.

मिलानजवळच्या बेर्गामो धर्मप्रांताची त्यांनी १५७५ मध्ये पाहणी केली होती. त्या पाहणीची जुनी कागदपत्रे बेर्गामोच्याच एका धर्मगुरूने कित्येक वर्षे खपून प्रसिद्ध केली. तेच पुढे पोप संत तेविसावे जॉन झाले. मार्च २०२० मध्ये ह्याच बेर्गामोत कोरोनाने हाहाकार माजवला. लष्कराच्या ट्रकमधून शवपेट्या न्याव्या लागल्या. धर्मप्रांताचे वीसहून अधिक धर्मगुरू मरण पावले. आणि तिथले डॉक्टर व परिचारिका ज्या रुग्णालयात रात्रंदिवस झुंजत होत्या, त्याला नाव आहे पोप तेविसावे जॉन ह्यांचे.

आपल्या धर्मग्रामातही त्या काळात कोणी शेजाऱ्याच्या दारात डबा ठेवून गेले, कोणी परक्याला दवाखान्यात नेले. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. ह्या सणाला त्यांची आठवण करू या. आणि ज्यांना आपण नीट निरोप देऊ शकलो नाही, त्यांना मिस्सात प्रभूच्या हाती सोपवू या.